पत्रकाची घडी

साखळीला सोमवारचा बाजार भरतो
तेव्हा माझ्या काउंटरवर खोकल्याच्या बाटल्या खपतात,
आणि ही गोळी दुपारी एकनंतर,
शटर अर्धं ओढल्यावर.
नाव घेत नाहीत लोक तिचं.
संपलेली पट्टी तळहातात लपवून आणतात,
जणू दुसऱ्या कुणाची वस्तू सापडलीय
आणि गुपचूप परत करायचीय.

खोक्यात पत्रक असतं, चौदा घड्यांचं.
उलगडलं की काउंटरभर पसरतं
मुंगीच्या पावलांच्या अक्षरात:
तोंड कोरडं, मळमळ, घाम, जांभया,
झोप न येणं, झोप फार येणं.
पुंडलिक माजिकाने ते घरी भिंग लावून वाचलं.
म्हणाला, बाई, ह्यातली अर्धी दुखणी माझ्याकडे होतीच,
उरलेली अर्धी तुम्ही विकत देताय.
मी हसले. तोही हसला.
किती महिन्यांनी, ते विचारलं नाही.

सांगते ते रोजचंच.
पहिले दोन आठवडे पोट ढवळेल, जेवून घ्या.
उतारा आज-उद्या नाही,
चार आठवडे लागतील, कधी सहा.
सुरुवातीला जीव उलट जास्त तगमगला,
नको ते मनात आलं,
तर सकाळची वाट बघायची नाही,
कुणालाही उठवा, बांबोळी गाठा.
गुडघ्यावरची गोळी मनाने घेऊ नका,
दोन्ही मिळून पोटात रक्त पाझरू शकतं.
फेणीचं डॉक्टरांना विचारा म्हटलं
तर भिकू घाडी म्हणतो,
ते नको म्हणतील म्हणूनच तुला विचारतोय.

दुल्सिनबाय सत्तरीतली.
नवी गोळी लागून पंधरवडा झाला
आणि ती बरळायला लागली.
लेक म्हणाली, वय झालं.
मी म्हटलं, आधी रक्तातलं मीठ तपासून आण.
खरंच उतरलं होतं.
माहेर तिचं आगरवाड्याचं, मिठागरातलं.
बरी होऊन आली तेव्हा स्टुलावर बसून
स्वतःशीच हसत होती:
पळे गे, म्हजेंच मीठ सोंपलें.

एक ओळ मात्र कुणी विचारत नाही.
नवरे बाहेर स्कूटरची धूळ पुसत राहतात,
बायका विक्सच्या डब्यांकडे बघतात.
मी त्या ओळीखाली नखाने रेघ ओढते.
डॉक्टरांना हेही सांगायचं असतं, एवढंच म्हणते,
आणि सुटे पैसे मोजायला लागते.

माझी पट्टी खालच्या खणात,
रबरबँडच्या डब्यामागे. तीन वर्षं.
आतेच्या बाराव्याला सगळं घर रडलं,
माझे डोळे बरणीच्या काचेसारखे.
दुःख दिसत होतं मला, पलीकडे, नीट रचून ठेवलेलं.
हात पोचत नव्हता.
म्हणून मी,
एकदम बंद करू नका असं दिवसातून दहादा सांगणारी,
चतुर्थीच्या आदल्या रात्री एकदम बंद केली.

तिसऱ्या दिवशी माटोळीखाली मान वर केली
आणि डोक्यात वीज लुकलुकली,
ट्यूबचा स्टार्टर बिघडावा तशी.
नारळ, तोरंजन, सुपारीचा घोस
सगळं एकदाच फिरलं.
आरती चालू होती. मी खांब धरला.

डॉक्टर रागावले नाहीत.
म्हणाले, दुकानदाराने स्वतःचा माल वाचायचा असतो.
पुन्हा सुरू केली, मग महिने मोजत
थोडी कमी, आणखी थोडी कमी.
तिथेच थांबलोय सध्या.
परवा बांगडे साफ करताना
काही कारण नसताना रडू आलं,
चांगलं ओलं, नाक गळेपर्यंत.
सुरी ठेवली नाही. दोन बांगडे राहिले होते.

आज एक नवी आली, शाळेत शिकवते म्हणाली.
सुरक्षित ना?
मी पत्रक उलगडलं, तिच्याकडे तोंड करून.
वाचत बसलो दोघी.
बाहेर बाजार उठत होता.
मग खोक्यात परत घालायला गेले,
तर कंपनीची ती घडी
आजही जमली नाही मला.
जाड झालेलं पत्रक तसंच
रबरबँड लावून दिलं.